मनाच्या दुखण्याची गोळी : घ्यावी कशी, जपावी कशी

गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे एका भगिनीचे पत्र आले. वहीची दोन पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. 'सप्रेम जयभीम' घालून ताई लिहितात :

"माझ्या मालकांची कंपनी बंद पडून दोन वर्षे झाली. आता ते एका सोसायटीत वॉचमन आहेत. चार महिन्यांपासून त्यांचे बोलणे कमी झाले आहे. रात्री तीनला उठून बसतात. ताटात वाढलेले तसेच राहते. धाकटी दहावी पास झाली तरी चेहऱ्यावर हसू नाही. सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक गोळी दिली. मेडिकलवाला म्हणाला, झोपेची आहे. शेजारीण म्हणाली, वेड्याची आहे. सासूबाई म्हणाल्या, एकदा लागली की सुटत नाही. मालकांनी आठ दिवस घेतली. तोंडाला कोरड पडते, सकाळी डोके जड होते म्हणून बंद केली. पाकीट फळीवर पडून आहे. घरात नणंदेचे अडीच वर्षांचे मूल आहे, ते सगळ्याला हात लावते. गोळी द्यावी की फेकून द्यावी, ते लिहा."

पाकिटावरचे नाव ताईंनी अक्षर न अक्षर उतरवून पाठवले आहे : ॲमिट्रिप्टिलीन, २५ मिलिग्रॅम. पत्रात फोन नंबर होता. आम्ही त्याच दिवशी फोन केला आणि एवढेच सांगितले की ताई, बाकी सगळे नंतर, आधी ते पाकीट फळीवरून काढा आणि कुलपात ठेवा. बाकीचे आज सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न एका घरचा नाही. ही गोळी आज अनेक घरांत आहे. कोणाला उदासपणासाठी दिलेली, कोणाला अर्धशिशीसाठी, कोणाला मधुमेहाने पाय जळतात म्हणून. घेणाऱ्याला मात्र आपण काय घेतो हे पुष्कळदा ठाऊक नसते.

आम्ही डॉक्टर नाही. पण ही गोळी आमच्याही घरात आली आणि न विचारण्याची, न सांगण्याची किंमत आम्ही मोजली आहे. ती हकिगत आधी सांगतो.

आमच्या आईने सत्तरी ओलांडली आहे. तिला कमरेवर नागीण उठली. पुरळ सुकले, पण आग राहिली. लुगड्याचा काठ लागला तरी कळ येई. डॉक्टरांनी रात्री ॲमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली. तीनेक आठवड्यांनी आई शांत झोपू लागली. पुढे तिच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या म्हणून आम्ही तिला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक कॅप्सूल दिली. त्यांनी 'आधी काही चालू आहे का' असे विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. त्यातच आईला सर्दी झाली, म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली. चौथ्या रात्री आई लघवीला उठली, दोन पावले चालली आणि मोरीच्या उंबऱ्यावर कोसळली. मनगट मोडले.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीने विचारले, "आजी काय काय घेतात ते सगळे आणा." आम्ही घरून प्लास्टिकच्या पिशवीत सगळी पाकिटे भरून नेली. तिने ती टेबलावर ओळीने मांडली. कॅप्सूलच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचे नाव होते आणि खाली बारीक अक्षरात दोन औषधांची नावे : प्रिगॅबालिन आणि नॉर्ट्रिप्टिलीन. ती म्हणाली, "हे नॉर्ट्रिप्टिलीन म्हणजे आजींच्या आधीच्या गोळीचे सख्खे भावंड. एकाच घराण्याची दोन औषधे, वर प्रिगॅबालिन, वर सर्दीच्या गोळीची गुंगी. आजी पडल्या नसत्या तरच नवल." त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम आहे. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना सगळ्या औषधांची पिशवी सोबत जाते.

असो. आता मूळ गोष्टीकडे वळू.

हे औषध आहे तरी काय?

ॲमिट्रिप्टिलीन हे 'ट्रायसायक्लिक' घराण्यातले औषध. त्याच्या रासायनिक रचनेत तीन कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून हे नाव. या घराण्यातले पहिले औषध इमिप्रामिन. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलंड कून नावाचे डॉक्टर ते वेगळ्याच आजारावर वापरून पाहत होते. त्या आजारावर ते चालले नाही, पण खोल उदासीनतेत बुडालेले रुग्ण मात्र त्याने पुन्हा बोलू-जेवू लागले, असे त्यांच्या लक्षात आले. १९५७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यापाठोपाठ १९६१ साली अमेरिकेत ॲमिट्रिप्टिलीन बाजारात आले. म्हणजे हे औषध साठ वर्षांहून जुने, पारखलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि आपल्या देशाच्या यादीतही आहे. महागही नाही.

आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते काही रसायनांच्या मार्फत. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही त्यांतली दोन. निरोप पोचला की पेशी ते रसायन परत ओढून घेते. ही गोळी त्या परत ओढण्याला आवर घालते. त्यामुळे ही रसायने पेशींमध्ये अधिक वेळ राहतात आणि हळूहळू मेंदूची घडी बसू लागते. दुखण्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंवरही तिचा परिणाम होतो. म्हणून कमी मात्रेत ती नागिणीनंतरची आग, मधुमेहाने होणारी पायांची जळजळ आणि अर्धशिशी यांवर देतात. शेजारच्या बाईंना डोकेदुखीसाठी ही गोळी दिली म्हणजे डॉक्टरांनी त्यांना वेडे ठरवले, असा अर्थ मुळीच होत नाही. आणि उदासीनता हाही वेडेपणा नव्हे. तो आजार आहे, आणि तो बरा होतो.

गुंगी येते म्हणून मेडिकलवाला तिला झोपेची गोळी म्हणाला असेल. पण झोप हा तिचा एक परिणाम आहे, काम वेगळे आहे. झोपेची गोळी वाटेल त्या रात्री घ्यावी आणि वाटेल त्या रात्री सोडावी, तशी ही घेतली तर तिचा काही उपयोग होत नाही.

सुरुवातीचे दिवस कसे काढावेत

येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ताईंच्या मालकांचाही येथेच सुटला. कारण या गोळीचा त्रास आधी येतो आणि गुण मागाहून येतो. तोंडाची कोरड, जडपणा, बद्धकोष्ठ हे पहिल्या दोन-चार दिवसांतच जाणवते. मनावरचे ओझे हलके व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. रोप लावले की दुसऱ्या दिवशी त्याला शेंग धरत नाही. आधी झोप सुधारते, मग भूक, मग कामात लक्ष लागते, आणि सगळ्यांत शेवटी मन उजळते. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवे. पण बाहेर शंभर माणसांची रांग असते, ते राहून जाते. म्हणून आम्ही सांगतो : आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून औषध लागू पडत नाही असे समजू नका.

डॉक्टर कमी मात्रेपासून सुरुवात करतात आणि पायरीपायरीने वाढवतात. शरीराला सवय व्हावी म्हणून असे करतात. लवकर बरे वाटावे म्हणून आपल्या मनाने एकाच्या दोन गोळ्या करू नयेत. या गोळ्या १०, २५, ५० आणि ७५ मिलिग्रॅमच्या मिळतात. नवे पाकीट आणले की आकडा जुन्या पाकिटाशी ताडून पाहावा. अक्षर लागत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे.

गोळी सहसा रात्री देतात. सकाळी फारच जडपणा राहत असेल तर झोपताना घेण्याऐवजी दीड-दोन तास आधी घेऊ का, असे डॉक्टरांना विचारावे. ज्यांची रात्रपाळी आहे त्यांनी आपल्या पाळ्या डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. कामावर जाताना ही गोळी घेऊन चालणार नाही. वेळ डॉक्टरच ठरवून देतील. ताई, तुमचे मालक वॉचमन आहेत. त्यांची रात्रपाळी असते हे डॉक्टरांना सांगितले होते का? बहुधा नसेल. पुढच्या वेळी ते आधी सांगा.

एखाद्या रात्री गोळी विसरली तर सकाळी उठून घेऊ नये, आणि दुसऱ्या रात्री दोन एकदम घेऊ नयेत. विसरली ती विसरली. पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी.

पहिले काही दिवस आणि मात्रा वाढवल्यावरही, गुंगीचा अंदाज येईपर्यंत रिक्षा, टेम्पो, मोटारसायकल चालवू नये. प्रेस, लेथ, कटिंग मशीन, परांची, उंच शिडी यांपासून दूर राहावे. मुकादमाला कारण सांगायचे नसेल तर सांगू नये, पण चार दिवस खालचे काम मागून घ्यावे. एका दिवसाच्या खाड्यापेक्षा बोट महाग आहे.

त्रास आणि त्यांवरचे उपाय

तोंडाला कोरड पडली तर घोट घोट पाणी प्यावे. कामावर बाटली जवळ ठेवावी. कोरड पडते म्हणून तंबाखू, सुपारी किंवा गुटखा चघळत बसू नये. आधीच लाळ कमी, त्यात हे, म्हणजे दात आणि हिरड्या दोन्ही जातात. रात्री झोपण्यापूर्वी दात घासण्याची सवय लावावी.

बद्धकोष्ठ झाले तर पालेभाजी, भाकरी, मोडाची कडधान्ये, पेरू आणि भरपूर पाणी. तरीही पोट साफ होत नसेल तर इसबगोल घ्यावे का ते डॉक्टरांना विचारावे.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. याचे कारण असे की उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम खाली येतो. यावर उपाय फार सोपा आहे, पण रोज पाळायला हवा. आधी कुशीवर वळावे, मग उठून बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे, मग आधार धरून उभे राहावे. आपल्या वस्तीत रात्रीचे संडासला जायचे म्हणजे डबा घेऊन अंधारातून जावे लागते. गोळी घेणाऱ्या वृद्ध माणसासोबत कोणीतरी उठावे, बॅटरी उशाशी ठेवावी, वाटेतल्या बादल्या आणि चपला आधीच बाजूला कराव्यात. आमच्या घरी हे सगळे मनगट मोडल्यावर सुरू झाले. तुम्ही आधीच करा. उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी झाले की ही चक्कर वाढते, म्हणून उन्हात काम करणाऱ्यांनी अधिक जपावे.

भूक वाढते, वजन वाढते. मधुमेह असणाऱ्यांनी साखर तपासत राहावी.

हे सारे त्रास बहुधा काही आठवड्यांत कमी होतात. पण काही त्रास असे आहेत की त्यांत वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. छातीत जोराची धडधड, शुद्ध हरपणे, फिट येणे, लघवी अडणे, डोळा लाल होऊन ठणकणे आणि दिव्याभोवती कडी दिसणे, वृद्ध माणसाने असंबद्ध बोलणे, ही ती लक्षणे. आणखी एक लक्षण लोक ओळखत नाहीत. काल उदास असलेला माणूस अचानक रात्र-रात्र झोपत नाही, तरी थकत नाही, मोठमोठे बेत सांगतो, पैसा उधळतो. घरच्यांना वाटते, बरा झाला. तो बरा झालेला नसतो, आजार दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

आधी काय सांगावे, कशासोबत घेऊ नये

डॉक्टरांनी विचारो न विचारो, पुढील गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा ठोक्यांत दोष असेल. फिट येत असतील. डोळ्यांत काचबिंदू असेल. वयस्क पुरुषांना लघवी थांबत-थांबत होत असेल. यकृताचा आजार असेल. घरात कोणाला कधी वेडाचे झटके आले असतील. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल. हृदयाचा आजार असेल किंवा वय झाले असेल तर गोळी सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढून घेतात. सरकारी रुग्णालयात तो निघतो. त्याचा कंटाळा करू नये. गोळी चालू असताना दिवस गेल्याचे कळले तर घाबरून एकदम बंद करू नये, आठवड्याच्या आत डॉक्टरांना भेटावे.

आता दारू. याबाबत आडपडदा ठेवत नाही. ही गोळी आणि दारू एकत्र चालत नाहीत. दोन्ही मिळून गुंगी इतकी वाढते की माणूस रस्त्यात पडतो, उलटी घशात अडकते, श्वास मंदावतो. उदासपणा घालवायला म्हणून जो पितो, त्याला दारूच अधिक उदास करते. आणि जो पितो त्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये. लाजेपायी लपवले तर डॉक्टर चुकीचा हिशेब धरतात. बायकोने दवाखान्यात सांगितले म्हणून घरी येऊन तिच्यावर डाफरणाऱ्या बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या औषधांचे म्हणाल तर सर्दी-खोकल्याची आणि ॲलर्जीची गुंगी आणणारी औषधे, झोपेच्या गोळ्या, दुखण्यावर देतात ती ट्रॅमाडॉल, उदासीनतेवरची फ्लुऑक्सेटिनसारखी इतर औषधे, ही सारी या गोळीशी भांडू शकतात. दाद न देणाऱ्या क्षयरोगावर लिनेझोलिड नावाचे औषध देतात. ते चालू असेल तर क्षयरोगाच्या डॉक्टरांना ही गोळी आणि मनाच्या डॉक्टरांना ते औषध दाखवलेच पाहिजे, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास गंभीर त्रास होऊ शकतो. गावाकडे दम्यावर धोत्र्याचा धूर किंवा काढा देणारे असतात. धोत्रा मुळातच विषारी, आणि या गोळीसोबत तो दुप्पट घातक.

गोळीच्या जोडऔषधांकडेही लक्ष असू द्या. बाजारात ॲमिट्रिप्टिलीन आणि क्लोरडायझेपॉक्साइड यांची एकत्र गोळी मिळते. 'एकदा लागली की सुटत नाही' असे जे सासूबाई म्हणतात, ते या दुसऱ्या औषधाबाबत खरे ठरू शकते. ते बराच काळ घेतले तर त्याची सवय लागते. नुसत्या ॲमिट्रिप्टिलीनची दारूसारखी किंवा तंबाखूसारखी तलफ लागत नाही. म्हणून कंपनीचे मोठे नाव न पाहता खालची बारीक नावे वाचावीत आणि ती एका कागदावर उतरवून ठेवावीत. ॲमिट्रिप्टिलीन, नॉर्ट्रिप्टिलीन, इमिप्रामिन, डोथिएपिन, डॉक्सेपिन, क्लोमिप्रामिन ही एकाच घराण्यातली नावे. यांपैकी दोन नावे आपल्या कागदावर आली तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नये. आणि शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याच्या पाकिटातली गोळी मागून घेऊ नये, आपली कोणाला देऊ नये. ही चिठ्ठीवरच द्यायची औषधे आहेत.

कुलूप कशासाठी?

आता सगळ्यांत महत्त्वाचे. ठरलेल्या मात्रेत ही गोळी उपकारक आहे, पण मात्रेबाहेर गेली तर ती फार धोक्याची. तिचा घाला थेट हृदयाच्या ठोक्यांवर आणि मेंदूवर पडतो. मोठ्या माणसाला जी एक रात्रीची मात्रा, ती लहान लेकराला विषासारखी होऊ शकते. बारीक, रंगीत, गुळगुळीत गोळी मुलाला चॉकलेटसारखीच दिसते. फळी, उशी, फ्रीजचा माथा, पर्स, पँटचा खिसा, यांतली एकही जागा मुलापासून सुरक्षित नाही. पत्र्याची पेटी किंवा कपाट, त्याला कुलूप, आणि किल्ली एकाच जाणत्या माणसाकडे.

उदास माणसाच्या बाबतीतही हेच. मन फार खचलेले असेल तेव्हा माणसाच्या डोक्यात नको ते विचार येतात. गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे अधिक जपायचे असतात. अंगात थोडी हुशारी येते, पण मनावरचा काळोख अजून हटलेला नसतो. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे तर विशेष लक्ष हवे. म्हणून औषध एकदम दोन-तीन महिन्यांचे आणून ठेवू नये. आठ-पंधरा दिवसांचेच द्या, असे डॉक्टरांना सांगावे. रोजची गोळी घरातल्या माणसाने हातावर द्यावी. हा अविश्वास नव्हे, ही माया आहे. उरलेल्या जुन्या गोळ्या साठवू नयेत, औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात परत कराव्यात.

आणि जवळ बसून विचारावे, "जीव नकोसा वाटतो का? मरावे असे मनात येते का?" विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट बोलल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

कोणी जास्त गोळ्या घेतल्या, किंवा मुलाने एखादीच गिळल्याचा नुसता संशय आला, तरी पुढीलप्रमाणे करावे. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात न्यावे. मिठाचे पाणी, ताक, लिंबू पाजू नये. उलटी काढू नये. वाटेत गुंगीने किंवा फिटने ती श्वासनलिकेत जाते. बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवावे. रिकामे पाकीट सोबत न्यावे. 'आता तर बोलतोय, सकाळी बघू' असे म्हणू नये. पहिला तास-दोन तास माणूस ठीक दिसतो आणि मग झपाट्याने बिघडतो. या औषधाच्या विषबाधेवर रुग्णालयात उपचार आहेत, पण ते वेळेत मिळाले पाहिजेत.

पोलिसांच्या भीतीनेही उशीर करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे जिवाचे बरे-वाईट करू पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते. त्याला गुन्हेगार म्हणून शिक्षा न करता उपचार आणि आधार देणे ही सरकारची जबाबदारी आहे. रुग्णालयात कागद होतील, ते होऊ द्यावेत. माणूस आधी.

सोडायची कशी?

बरे वाटले की गोळी बंद, ही आपली रीत. ताप उतरला की आपण असेच करतो. पण येथे ते चालत नाही. उदासीनतेवर ही गोळी चालू असेल तर पूर्ण बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने ती चालू ठेवायची असते, नाहीतर दुखणे उलटते. नंतर डॉक्टर पायरीपायरीने कमी करतात. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली तर मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा, झोपमोड, भलती स्वप्ने असा त्रास होतो. लोक म्हणतात, 'बघा, सवय लागली.' ती सवय नव्हे. शरीराला सावरायला वेळ मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ताई, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर

गोळी फेकू नका आणि आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नका. पाकीट घेऊन मालकांसह त्याच डॉक्टरांकडे जा. सांगा की आठ दिवस घेतली, अमुक त्रास झाला, अमुक तारखेपासून बंद आहे, पाळी अशी आहे, पितात किंवा पीत नाहीत. डॉक्टर मात्रा कमी करतील, वेळ बदलतील किंवा दुसरे औषध देतील. आज उदासीनतेवर कमी त्रासाची इतर औषधेही आहेत. ही गोळी सोसली नाही तर मार्ग संपला असे होत नाही. रागावतील म्हणून जायचे टाळू नका. रागावले तर ऐकून घ्या, पण जा.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. तेथे बाहेरच्या बाहेर तपासून औषध देतात, नेले की कोंडून ठेवतात हा समज सोडून द्यावा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' फोन आहे. २०२२ साली तो सुरू झाला. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. औषध विकत घ्यावे लागले तर जन औषधी केंद्रात आधी विचारा.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना जवळ बसवून सांगा, "आत्या, तुमचे गुडघे दुखतात तेव्हा तुम्ही गोळी घेता. यांचे मन दुखते आहे." आणि त्यांना एक काम द्या. पेटीची किल्ली त्यांच्या कनवटीला असू द्या. रोज रात्री लेकाच्या हातावर गोळी त्यांनीच ठेवावी. जी म्हातारी आज गोळीच्या विरुद्ध आहे, तीच उद्या 'घेतलीस का रे?' म्हणून विचारील.

मालकांनाही आमचा एक निरोप द्या. कंपनी बंद पडली यात तुमचा दोष नाही. रात्री तीनला उठून एकटे बसू नका, घरातल्या माणसाला हाक मारा. गोळी झोप देईल, भूक देईल, उभे राहायला बळ देईल. बाकीचे आपण माणसांनी एकमेकांना द्यायचे असते. धाकटी पास झाली आहे, तिच्या पुढच्या शाळेचा फॉर्म भरायला तिच्यासोबत तुम्ही जा.

ताई, डॉक्टरांकडे जाऊन आलात की आम्हाला दोन ओळी लिहा. आणि पाकीट कुलपात गेले का, ते आधी लिहा.